हीटर काढताना

डिझेल गाडीचे हीटर प्लग बसवायला पाव तास पुरतो. काढायला किती वेळ लागेल, हे मात्र गाडी आधी कोणाकडे होती त्यावर ठरतं.

माझी महिंद्रा पिकअप जुनी, दुसऱ्या हातची. इंजिन मूळचं प्यूजोच्या घराण्यातलं. 1979 साली महिंद्रानं त्या फ्रेंच कंपनीचा परवाना घेतला आणि पुढे ही इंजिनं इगतपुरीला बनवली. या जातीच्या इंजिनात डिझेल थेट पिस्टनच्या डोक्यावर पडत नाही, हेडमधल्या छोट्या कोठडीत फवारलं जातं. इंजिन थंड असलं की दाबून तापवलेल्या हवेची ऊब त्या कोठडीच्या भिंतीच पिऊन टाकतात. म्हणून हीटर लागतो. चावी अर्धी फिरवली की त्याचं टोक लालबुंद होतं आणि डिझेलला पेटायला एक गरम जागा मिळते. उन्हाळ्यात एखादा हीटर मेला तरी चालवणाऱ्याला पत्ता लागत नाही. निफाडच्या थंडीत लागतो. पारा पाच अंशांच्या आसपास उतरला की आम्ही द्राक्षबागेत शेकोट्या पेटवतो, पहाटे ठिबक सोडतो; त्याच वेळी माल भरलेली गाडी सेल्फ खात उभी असते आणि मागून पांढरा धूर निघत राहतो. हा धूर म्हणजे न जळलेलं डिझेल.

अशा वेळी शेजारीपाजारी उपाय घेऊन हजर असतात. कोणी पेटता बोळा एअर फिल्टरच्या तोंडाशी धरतो, कोणी स्टार्टिंगचा स्प्रे आणतो. त्या स्प्रेमध्ये ईथर असतं. हीटर चालू असलेल्या इंजिनात ते गेलं तर मॅनिफोल्डमध्येच भडका उडू शकतो, पिस्टनची कडीही तुटू शकते. उतार असेल तर धक्का स्टार्ट परवडला, पण स्प्रे नको.

मेकॅनिककडे गेलं की तो म्हणणार, चारही हीटर नवे टाकून देऊ. थोडं थांबा. आधी हीटरवरची पितळी पट्टी सोडवा. टेस्ट लॅम्पची एक वायर बॅटरीच्या प्लसला लावा आणि दुसरं टोक एकेका हीटरच्या डोक्याला टेकवा. दिवा लागला तर आतली तार शाबूत, नाही लागला तर हीटर मेलेला. मल्टिमीटर असेल तर चांगला हीटर साधारण एक ओहमच्या आसपास दाखवतो. चारही शाबूत निघाले तर दोष मागे आहे: रिलेत, फ्यूजमध्ये किंवा गंजलेल्या वायरीत. चावी फिरवून पट्टीच्या वायरीवर बॅटरीएवढे व्होल्ट येतात का, ते पाहा. चार हीटर मिळून चाळीस-पन्नास अँपिअर सहज ओढतात, तेव्हा बारीक वायरीवर भागत नाही.

माझ्या गाडीत दोष याच्या नेमका उलटा होता. हीटर किती वेळ तापवायचा ते ठरवणारा टायमर कधीतरी बंद पडला असणार. आधीच्या मालकानं नवा घेण्याऐवजी डॅशबोर्डवर घराच्या बेलचं बटण ठोकलं होतं. बोट दाबून धरायचं आणि अंदाजानं सोडायचं. या जुगाडात हीटर किती वेळ तापला याचा हिशेब कोणीच ठेवत नाही. अति तापला की टोक फुगतं. फुगलेलं टोक हेडमध्ये बसल्या जागी बरं असतं. दगा देतं ते बाहेर काढताना.

काढायचं ठरलं की आदल्या रात्रीपासून मुळाशी गंज सोडवणारं तेल सोडत राहा. इंजिन कोमट असताना रिंग पाना लावा. पाव फेरा उलटा, थोडा सुलटा, पुन्हा उलटा. अडलं तर पुन्हा तेल सोडा, पान्याला पाइप जोडू नका आणि हवेची गन तर गाडीजवळही आणू नका. आमचे तीन असे निमूट निघाले. चौथ्याचे आटे पूर्ण सुटले, तो बोटानं गरगर फिरू लागला, पण वर येईना. ही खूण लक्षात ठेवा, टोक फुगलंय. मेकॅनिकनं पकडीनं हिसका दिला आणि वरचा भाग हातात आला. टोक आतच राहिलं.

इथं सेल्फ मारायचा मोह आवरावा लागतो. तुकडा कोठडीतून पिस्टनवर उतरला तर इंजिनच जातं. नोझल काढून त्या भोकातून तुकडा चिमट्यात येतो का, ते आधी पाहायचं. चुंबकाची मदत होत नाही, कारण टोकाचं आवरण सहसा निकेलच्या मिश्रधातूचं असतं आणि ते चुंबकाला दाद देत नाही. आमचा आला नाही, हेड उतरवावं लागलं. हेड उतरलं म्हणजे गॅस्केट आलं, लेथवाल्याकडून पृष्ठभाग तपासणं आलं, आणि बाजाराचे दिवस भाड्याच्या टेंपोवर गेले. म्हणून गरगर फिरणारा हीटर दिसला की पकड खाली ठेवा आणि नोझल सोडवून कोठडी उघडण्याची तयारी करा. हिसक्याची घाई परवडत नाही.

नवे घेताना जुना हीटर दुकानात घेऊन जा. आटे जुळले एवढ्यावर भागत नाही, लांबी आणि व्होल्टही जुळायला हवेत. काही जुन्या इंजिनांत हीटर एकामागोमाग जोडलेले असतात. त्यांचा कमी व्होल्टचा प्लग दिसायला तसाच असतो, पण आपल्या बारा व्होल्टवर काही सेकंदांत जळतो. बसवण्याआधी भोकातला काजळीचा थर साफ करा. आधी हातानं फिरवत न्या, मग पाना. बारा मिलिमीटरच्या आट्यांना 20 ते 25 न्यूटन-मीटर पुरतं. डोक्यावरच्या छोट्या नटाला दोन-तीनच, नाहीतर मधली दांडी फिरते आणि नवा हीटर बसता बसता मरतो.

बेलचं बटण काढून टायमर आणि रिले बसवून घेतले. हेड परत चढल्यावर हीटरची भोकं उघडी होती, तेवढ्यात कॉम्प्रेशनही मोजून घेतलं. हे कोणी सुचवत नाही, पण तेव्हा मोजायला वेगळी खोलखाल करावी लागत नाही. तीन नंबरचा सिलिंडर उतरलेला निघाला. सकाळी अजून थोडा धूर येतो तो त्याचा, त्यावर नवे हीटर काही करू शकत नाहीत. इंजिनाचं काम छाटणीनंतर काढायचं आहे.