तुसाची राख आणि डांबरी रस्ता

कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील कुंभकोणम हा भातगिरण्यांचा परिसर. शंभर किलो भातापासून सुमारे २० किलो तूस निघते व ते जाळल्यावर साधारण ४ किलो राख उरते. नीट जळालेल्या राखेत ८५ ते ९५ टक्के सिलिका असते. कीटकशास्त्राला ही सिलिका परिचित आहे. साठवणीतील किडींच्या अंगावरील मेणाचा थर ती शोषून घेते आणि किडी सुकून मरतात.

हीच शोषणक्षमता डांबरी रस्त्यात अडचणीची ठरते. डांबरी मिश्रणातील फिलर म्हणजे बहुतांशी ७५ मायक्रॉनच्या चाळणीतून जाणारी भुकटी. ती खडीमधील पोकळ्या भरते, डांबराला घट्टपणा देते. त्यामुळे उन्हाळ्यात जड वाहनांखाली चाकोऱ्या कमी पडतात. दगडाच्या भुकटीऐवजी राख वापरता येते. मात्र सच्छिद्र असल्याने ती अधिक डांबर पिते. प्रमाण वाढल्यास मिश्रण कोरडे पडून रस्त्याला तडे जातात. शिवाय सिलिकेला डांबरापेक्षा पाण्याची ओढ अधिक, म्हणून पावसाळ्यात डांबर सुटू लागते. विझवलेल्या चुन्याची जोड दिल्यास ही पकड सुधारते. चिकणमाती मिसळलेली दगडी भुकटी मात्र राखेहूनही घातक होय.

गिरणीची राख काळी असल्यास तीत न जळालेला कार्बन शिल्लक असतो. अशी राख चाचणीविना शेतरस्त्यासाठी देऊ नये.