पणजोबांची पलटण

आमच्या घरी पत्र्याची एक ट्रंक आहे. तीत पणजोबांचे पलटणीतून सुटल्याचे दोन दाखले आणि टोपीवर लावायचा पितळी बिल्ला आहे. पणजोबांविषयी घरात एकच वाक्य चालत आले होते आणि आजी ते नेहमी आवाज उतरवून सांगे : "मामंजींला पलटणीतनं काढलं व्हतं." का काढले, हे कोणी विचारले नाही. दाखले इंग्रजीत, आणि कॉलेजात गेलेला घरात मीच पहिला. तेव्हा हे काम माझ्याकडेच आले.

प्रथम वाटले, हे दाखले दोन निरनिराळ्या माणसांचे असावेत. पहिल्यावर भरती १९१७, वय १८. दुसऱ्यावर भरती १९४२, वय ३४. म्हणजे दुसरा गृहस्थ १९१७ साली नऊ वर्षांचा ठरतो! नाव एकच, पण त्या नावाची माणसे आमच्या गावात पैशाला पासरी. गाठ सुटली ती ओळखीच्या खुणांच्या रकान्यात. दोन्हीकडे डाव्या भुवईवर व्रण. आजीला विचारले, तर ती म्हणाली, "व्हती की खूण. पोरपणी बैलाचं शिंग लागलेलं." त्रेचाळीस वर्षांच्या माणसाने भरतीसाठी सरळ नऊ वर्षे चोरली होती.

मग सुटण्याचे कारण पाहिले. दोन्ही दाखल्यांवर अर्थ एकच : पलटण मोडल्यामुळे. वर्तणुकीच्या रकान्यात दोन्हीकडे चांगला शेरा.

पलटण मोडली म्हणजे काय, हे आमच्या इतिहासाच्या सरांनी समजावून दिले. कंपनी सरकारच्या मुंबई फौजेत महार शिपाई पुष्कळ होते. १ जानेवारी १८१८ च्या कोरेगावच्या लढाईत ते लढले व पडले. पुढे इंग्रजांनी 'लढाऊ जाती' आणि इतर असा भेद केला आणि १८९२ च्या सुमारास महारांची भरती बंद केली. ती पुन्हा सुरू व्हावी म्हणून शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० मध्ये थेट विलायतेतील भारतमंत्र्यांकडे अर्ज केला. दाद लागली नाही. महायुद्धात माणसे कमी पडली, तेव्हा मात्र १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी राहिली. युद्ध संपले आणि १९२१ मध्ये ती मोडण्यात आली. पणजोबांना काढले ते असे! सारी पलटणच घरी पाठवली होती. चार वर्षांची नोकरी, तिला पेन्शन कुठले?

मधली वीस वर्षे कोणत्याच कागदावर नाहीत. ती आजीने ऐकलेली आहेत. लान्स नाईक म्हणून गावी आलेला माणूस पुन्हा तराळकी करू लागला. सरकारी सांगावा घेऊन पुढच्या गावी धावायचे, साऱ्याची रक्कम पोहोचवायला सोबत जायचे, संध्याकाळी भाकरी मागून आणायची. तराळकीला जाताना ते पायांना पलटणीच्या पट्ट्या गुंडाळत. गावातली पोरे हसत, तरी सोडल्या नाहीत. मला या शोधात सर्वांत मोलाची वाटते ती हीच गोष्ट, आणि तिला पुरावा काहीच नाही.

दुसरे महायुद्ध आले. जुलै १९४१ मध्ये डॉ. आंबेडकरांची व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर नेमणूक झाली. महार पलटणीची मागणी त्यांनी लावून धरलीच होती. त्याच वर्षी ऑक्टोबरात बेळगावला महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली. पणजोबांच्या दाखल्यावर २५ वी बटालियन आहे. तीही बेळगावचीच, १९४२ ची. पहिली व तिसरी बटालियन सरहद्दीवर गेली. २५ वीकडे देशातल्या बंदोबस्ताचे काम होते. आघाडीवर गेल्याच्या शौर्यकथा मला हव्या होत्या, हे कबूल करतो. त्या मिळाल्या नाहीत. १९४६ मध्ये २५ वी बटालियनही मोडली. रेजिमेंट मात्र या वेळी टिकली, आजही आहे.

बिल्ल्यावर एक उंच खांब आहे. आजी त्याला दीपमाळ समजे. मी कोरेगावला जाऊन आलो, तेव्हा तो तिथला विजयस्तंभ आहे हे ओळखले.

दोन्ही दाखले मी आजीला मराठीत वाचून दाखवले. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "एकदा घरी धाडल्यावर परत कशापायी गेले आसतील रं?" उत्तर मलाही देता आले नाही. तिने बिल्ला मागितला, चिंच लावून घासला आणि ट्रंकेत न ठेवता फळीवर बाबासाहेबांच्या फोटोपाशी ठेवला.