एलीयाच्या उशाचे पाणी

शास्त्रभाग : १ राजे १९ : १–८. सोबत वाचावे : गणना १५ : ३७–४१, योहान ४ : १–१५.

धड्याचा उद्देश : शरीर ही देवाने सोपविलेली ठेव आहे. तिला वेळच्या वेळी पाणी देण्याची सवय कशी लावावी, आणि त्या कामी एकाने दुसऱ्यास आठवण का द्यावी, हे शिकणे.



गेल्या उन्हाळ्यात कवठे महांकाळ तालुक्यातील आमच्या मंडळीची एक बहीण द्राक्षबागेत खरड छाटणीच्या कामास गेली असता, भर दुपारी चक्कर येऊन ओळीतच खाली बसली. सोबतच्या बायांनी तिला सावलीत नेले, तोंडावर पाणी मारले व पुढे दवाखान्यात पोहोचविले. तिच्या भाकरीच्या पिशवीत पाण्याची बाटली होती. सकाळी भरली तशीच ती भरलेली होती. आम्ही भेटीस गेलो तेव्हा विचारले, “ताई, पाणी जवळ असून प्यायले का नाही?” ती म्हणाली, “पाळकसाहेब, कामाच्या नादात ध्यानातच राहिलं नाही. आणि प्याले असते, तर तिथं जायचं कुठं?”

ह्या उत्तरात दोन गोष्टी आहेत. पहिली विस्मरणाची, दुसरी अडचणीची. आजच्या धड्यात दोहोंचा विचार करावयाचा आहे. कारण पहिलीवर उपदेश करून दुसरी विसरणारा उपदेशक अर्धेच काम करतो.

शरीरास पाणी का लागते

प्रौढ मनुष्याच्या शरीराच्या वजनापैकी निम्म्याहून अधिक भाग पाण्याचा असतो. हे पाणी घाम, श्वास व लघवी यांच्या वाटे सतत बाहेर जात असते. ते भरून काढले नाही तर रक्त घट्ट होऊ लागते, डोके दुखते, चित्त ठिकाणावर राहत नाही आणि उन्हात शरीराची उष्णता उतरेनाशी होते. लघवी दाट झाली म्हणजे तिच्यातील क्षारांचे खडे बनण्याचा संभव वाढतो. मुतखड्याचा त्रास एकदा होऊन गेला आहे अशांस डॉक्टर सांगतात की, दिवसाकाठी निदान अडीच लिटर लघवी होईल इतके पाणी पोटात जावे.

आमच्या भागात बेदाणा कसा होतो हे कोणास सांगावयास नको. टपोरे द्राक्ष शेडच्या जाळीवर पसरावे. त्यातील पाणी उडाले की ते सुरकुतते. द्राक्ष वाळले तर त्याचे मोल वाढते; मनुष्य वाळला तर घरादाराची हानी होते.

किती प्यावे? हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेने आपल्या आहारविषयक मार्गदर्शनात निरोगी मनुष्यास दिवसाला सुमारे आठ पेले, म्हणजे दोन लिटर, असे मान सांगितले आहे. उन्हात राबणाऱ्यास याहून अधिक लागते. कडक उन्हातील कामकऱ्याने दर पंधरा-वीस मिनिटांनी पेलाभर पाणी प्यावे, असे कामगारांच्या आरोग्याचा अभ्यास करणारे सांगतात. मात्र तासाभरात दीड लिटराच्या वर जाऊ नये, कारण एकदम अतिशय पाणी पिणे हेही घातक आहे. फार घाम गेला असता मीठ घातलेले ताक किंवा चिमूटभर मीठ व साखर घातलेले लिंबाचे पाणी उपयोगी पडते. ज्यांस हृदयाचा अथवा मूत्रपिंडाचा विकार आहे त्यांनी आपल्या डॉक्टरांस विचारूनच प्रमाण ठरवावे. इतरांनी एक साधी खूण ध्यानात ठेवावी : लघवी फिकट पिवळी असेल तर ठीक, कोऱ्या चहासारखी गडद असेल तर पाणी कमी पडत आहे असे समजावे. तहानेवर सर्वस्वी विसंबू नये. वृद्धांस तहान कमी लागते, आणि कामात गुंतलेल्या मनुष्यास ती लागूनही कळत नाही.

एलीयास मिळालेली आठवण

आता शास्त्रभागाकडे वळू. ईजबेल राणीच्या धमकीने भ्यालेला एलीया बैर-शेबाच्या पुढे रानात एक दिवसाची वाट चालून गेला, एका झुडपाखाली बसला व मरण मागून निजला. तेव्हा परमेश्वराने काय केले? त्याने आपल्या सेवकास त्या घटकेला दोष दिला नाही, उपदेशही केला नाही. दूत पाठवून त्याला भाकर व पाणी दिले. यात तीन गोष्टी पाहण्यासारख्या आहेत.

पहिली, दूताने त्याला स्पर्श केला. थकलेल्या मनुष्यास स्वतःची आठवण राहत नाही. दुसऱ्याने त्याला जागे करावे लागते.

दुसरी, पाण्याचे भांडे त्याच्या उशाशीच होते. ऊठ आणि विहिरीवर जा, असे दूताने सांगितले नाही. हाताच्या अंतरावर असलेले पाणीच प्याले जाते.

तिसरी, दूत दुसऱ्यांदा आला. एलीया एकदा खाऊनपिऊन पुन्हा निजला होता. दूत कंटाळला नाही. त्याने पुन्हा स्पर्श केला, आणि पुढे प्रवास लांबचा आहे याची जाणीव दिली. त्या बळावर एलीया चाळीस दिवस व चाळीस रात्री चालून होरेबास पोहोचला.

आठवण, जवळ ठेवलेले पाणी आणि पुनरावृत्ती, ह्या तिन्हींनी सवय जडते.

सवय कशी जडते

लंडन येथील युनिव्हर्सिटी कॉलेजातील फिलिपा लॅली व त्यांचे सहकारी यांनी ९६ जणांचा अभ्यास करून तो २०१० साली प्रसिद्ध केला. प्रत्येकाने एक लहानसे कृत्य निवडून ते रोज एका ठरलेल्या प्रसंगाला जोडावयाचे होते. उदाहरणार्थ, न्याहारीनंतर पेलाभर पाणी पिणे. ते कृत्य आपोआप घडू लागण्यास सरासरी ६६ दिवस लागले. कोणास १८ दिवस पुरले, तर कोणास २५४ दिवस लागतील असा हिशेब निघाला. आणखी एक दिलासा देणारी गोष्ट आढळली की, एखादा दिवस चुकला तरी झालेले काम वाया जात नाही. म्हणून आठ दिवसांत सवय लागली नाही तर निराश होऊ नये, आणि एक दिवस चुकला तर सोडून देऊ नये.

ह्यावरून असे दिसते की, निश्चय जेवढा मोठा तेवढे पाणी अधिक प्याले जाते, असे नाही. ते ठरल्या प्रसंगाला बांधलेले असावे लागते. बागायतदार बंधूंस हे ठाऊकच आहे. म्हैसाळ उपसा सिंचन योजनेने कृष्णेचे पाणी आपल्या कोरड्या तालुक्यापर्यंत चढवून आणले; पण ते वेलीच्या मुळाशी पोहोचते ते ठिबकाने, थोडे थोडे आणि ठरल्या वेळी. वीज रात्री येणार असेल तर शेतकरी रात्री उठून व्हॉल्व्ह फिरवितो. वेलीची पाळी तो चुकवीत नाही. तोच मनुष्य दिवसभर स्वतःच्या तांब्याकडे पाहत नाही!

तेव्हा पुढील प्रसंग बांधून घ्यावेत. सकाळी उठल्यावर, प्रार्थनेस बसण्यापूर्वी एक पेला. न्याहारीबरोबर एक. बागेत पोहोचल्यावर कात्री हाती घेण्याआधी एक. काम चालू असता प्रत्येक ओळ संपली की काही घोट. बाटली ओळीच्या तोंडाशी सावलीत ठेवावी, पिशवीत पुरून ठेवू नये. दुपारच्या भाकरीबरोबर, चहाच्या आधी आणि घरी परतल्यावर पुन्हा एकेक. रात्री निजतेवेळी फार पिऊ नये, म्हणजे झोपमोड होणार नाही.

मोबाईलमध्ये गजर लावता येतो, व तो सुरुवातीस उपयोगी आहे. परंतु काही दिवसांनी मनुष्य गजर बंद करून काम पुढे चालवितो. आपल्या आयाबहिणी आठवणीसाठी पदराला गाठ मारतात, ती युक्ती जुनी आहे. इस्राएलाने वस्त्रांच्या टोकांना गोंडे लावून त्यांवर निळी दोरी बांधावी, म्हणजे ते पाहून देवाच्या आज्ञा आठवतील, असे मोशेद्वारे सांगितले होते. आठवण विसरते हे देवाला ठाऊक आहे. म्हणून तो डोळ्यांपुढे खूण ठेवावयास सांगतो. केरळातील शाळांत २०१९ साली मुलांनी पाणी प्यावे म्हणून वेगळी घंटा देण्यास आरंभ झाला, आणि त्याच वर्षी कर्नाटकानेही तिचे अनुकरण केले. मंडळीच्या शाळेत किंवा मुलांच्या वर्गात हे करण्यास काहीच खर्च नाही.

आठवण पुरत नाही तेथे

आता त्या बहिणीच्या दुसऱ्या शब्दाकडे येऊ. “जायचं कुठं?” बागेत, ऊसतोडीच्या फडात, रस्त्याच्या कामावर स्त्रियांस आडोसा नसतो, म्हणून त्या जाणूनबुजून पाणी टाळतात. त्यांस घंटा वाजवून काय लाभ? जे बंधू बागायतदार किंवा मुकादम आहेत त्यांनी कामाच्या जागी आडोशाची सोय करावी. ती सोय करणे म्हणजेच पाणी पाजणे होय.

तिसरे एक कारण आहे, ते बोलावयास जड जाते. आपल्यापैकी पुष्कळांच्या वाडवडिलांस गावच्या विहिरीवर चढू दिले जात नसे. तहान लागली तर कोणी वरून ओंजळीत पाणी ओतील याची वाट पाहावी लागे. जोतीराव फुले यांनी १८६८ साली आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानलेल्यांस खुला केला, आणि डॉ. आंबेडकरांनी २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. कायद्याने ती बंदी गेली. परंतु परक्याच्या मळ्यात पाणी मागावयाची भीड काही घरांत अजून उरली आहे. ही भीड म्हणजे नम्रता नव्हे. बंधुजनहो, ती सोडा. पाणी मागणे हा लाजेचा विषय नाही.

येथे आम्हांस आमची चूक कबूल केली पाहिजे. टंचाईच्या दिवसांत गावभेटीस गेलो असता घराघरांतून तांब्या पुढे येई. दुरून डोक्यावर आणलेले पाणी आपण कशाला घ्यावे, असे मनात आणून आम्ही “नको” म्हणत असू. एका वृद्ध आजीने एके दिवशी आम्हांस विचारले, “साहेब, आमच्या घरचं तुम्हांलाही चालत नाही का?” आम्ही खाली मान घातली व तो तांब्या रिकामा केला. प्रभू येशूने सूखार गावच्या विहिरीजवळ शोमरोनी स्त्रीजवळ स्वतः पाणी मागितले, हे आम्ही कितीदा शिकविले होते! त्या दिवसापासून जेथे तांब्या येतो तेथे आम्ही पितो, आणि घरधनिणीसही आपल्याबरोबर प्यावयास सांगतो. कारण जी पाणी आणते तीच बहुधा सर्वांच्या मागून पिते.

उपदेशकांकरिता सूचना

येत्या आठवड्यात प्रत्येक कुटुंबात एकास आठवण देणारा नेमावा. हे काम लेकरू फार आनंदाने करते. पुढच्या रविवारी उपासनेपूर्वी मंदिराच्या दाराशी स्वच्छ, झाकलेला पाण्याचा माठ व ओगराळे ठेवावे. नऊ आठवड्यांनी, म्हणजे सुमारे ६६ दिवसांनी, कोणाची सवय जडली हे विचारावे. चुकलेल्यांस दोष देऊ नये, दूताप्रमाणे दुसऱ्यांदा स्पर्श करावा.

प्रश्न

१. एलीया मरण मागत असता देवाने प्रथम काय दिले? त्यावरून शरीराविषयी काय समजते?
२. दूत दोनदा का आला?
३. तुमच्या दिवसातील कोणत्या तीन प्रसंगांना तुम्ही पाणी पिणे जोडाल?
४. तुमच्या कामाच्या जागी स्त्रियांस पाणी टाळावे लागते काय? मंडळी त्याविषयी काय करू शकेल?
५. तुमच्या घरी सर्वांच्या मागून पाणी कोण पिते?

प्रार्थनेचा विषय : ती बहीण आता बरी होऊन पुन्हा कामावर जात आहे. तिच्या सोबतच्या बाया ओळ संपली की एकमेकींस हाक मारतात, आणि बागेच्या मालकाने कोपऱ्यात तट्ट्यांचा आडोसा करून दिला आहे. ह्याबद्दल देवाची स्तुती करावी, आणि ज्या मळ्यांत ही हाक व हा आडोसा अजून नाही त्यांसाठी विनंती करावी.