उपकारक जंतू

ठाणे जिल्ह्यात मीरा-भाईंदरच्या सागरकिनारी उत्तन हे मच्छीमारांचे गाव आहे. तेथे मासळी उन्हात वाळवितात. तीतील पाणी आटले, की कुजविणाऱ्या जंतूंची वाढ खुंटते. दही लावण्याची रीत नेमकी याच्या उलट आहे. येथे जंतूंना मुद्दाम आमंत्रण द्यावयाचे असते! कोमट दुधात चमचाभर विरजण घातले, की त्यातील जंतू दुधातील साखरेपासून आम्ल तयार करितात आणि दूध विरजते.

असे जंतू आतड्यांस हितकर ठरतील, हा विचार एली मेचनिकॉफ या रशियन शास्त्रज्ञांनी विसाव्या शतकाच्या आरंभी मांडला. रोगप्रतिकारशक्तीवरील संशोधनाबद्दल १९०८ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आंबविलेल्या दुधाने आयुष्य वाढते, ही त्यांची कल्पना मात्र सिद्ध झाली नाही.

जंतू जिवंत असावा, पुरेशा संख्येने पोटात जावा आणि त्यापासून आरोग्यास लाभ व्हावा. तरच त्यास ‘प्रोबायोटिक’ म्हणावे, असे जागतिक तज्ज्ञांनी २००१ साली ठरविले. म्हणून निवड विवेकाने करावी लागते. कढी रुचकर खरी; पण ती उकळताना दह्यातील जंतू मरतात. विकतच्या पदार्थावर जंतूचे नाव, संख्या व वापरण्याची मुदत पाहावी. एका विकारावर गुणकारी ठरलेला जंतू दुसऱ्यावर उपयोगी पडेलच, असे नाही. आजारात डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. ताजे दही हे उत्तम अन्न होय. परंतु ते औषधाची जागा घेऊ शकत नाही. मित्रही पारखूनच जोडावा, हे जंतूंच्या बाबतीतही खरे आहे.