बधिर बोटांची निगा



पाड्यावरच्या एका मावशींनी नखांभोवतीची निबर कातडी विळ्याने कापली. रक्त आले, पण दुखले नाही. म्हणून त्या तशाच कामाला लागल्या आणि बोट पिकले. कुष्ठरोगाचे औषध त्यांनी पूर्ण घेतले होते. औषधाने जंतू मरतात, पण बधिर झालेला हात पुष्कळदा बधिरच राहतो. त्याला घाम येत नाही. कातडी सुकते, घट्टे पडतात, भेगा जातात.

आता मी हा रोजचा धडा शिकवते :

१. दोन्ही हात नीट पाहावेत. जखम, फोड, सूज असल्यास घासू नये, दवाखान्यात दाखवावे.

२. हात साध्या पाण्यात २० मिनिटे भिजवावेत. गरम पाणी नको, चटका कळत नाही.

३. निबर कातडी वजरीने हळूहळू घासावी. ब्लेड, विळा कधीही नको.

४. हात ओलसर असतानाच खोबरेल तेल लावावे.

प्रभू येशूने हात पुढे करून कुष्ठरोग्याला स्पर्श केला (मार्क १:४१). आपणही भेटीला जाल तेव्हा दुरून प्रार्थना करून परतू नका. शेजारी बसा, त्यांचे हात हातात घ्या आणि बोटे तपासा. त्यांना जे जाणवत नाही, ते आपल्या डोळ्यांना दिसेल.