घाम, अंगाचा वास आणि आपले आरोग्य



उसाच्या धंद्यात घाम गाळल्याशिवाय कुणाचे चालत नाही. लागण असो, बांधणी असो, तोड असो की बॉयलरपुढची पाळी असो, सदरा पाठीला चिकटल्याशिवाय दिवस मावळत नाही. तरीही घामाबद्दल मोकळेपणाने बोलणे आपल्याकडे होत नाही. कुणाच्या अंगाला वास येत असला तर माणसे बाजूला सरकतात, पाठीमागे हसतात, पण तोंडावर कुणी सांगत नाही. ज्याला त्रास असतो तो चारचौघांत बसायचे टाळतो. शाळेतली मुलगी उत्तर येत असूनही हात वर करत नाही, कारण काखेतला ओला डाग दिसेल. आणि काही जण तर घामच येऊ नये म्हणून पाणी कमी पितात. हा शेवटचा प्रकार जिवावर बेतणारा आहे. म्हणून हा विषय आम्ही मुद्दाम घेतला आहे.

घाम कशासाठी येतो?

रसातले पाणी आटवायला किती वाफ खर्ची पडते, हे आपल्या बॉयलिंग हाऊसमधल्या कामगाराला सांगायला नको. पाण्याची वाफ व्हायची तर उष्णता लागते. तोच नियम अंगाला लागू आहे. कातडीवरचा एक लिटर घाम वाळताना शरीरातली सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. उन्हात कष्टाचे काम करणाऱ्याला तासाला एक लिटर, कधी त्याहूनही जास्त घाम येतो. हा घाम आला नाही तर अंगातली उष्णता आतच कोंडेल आणि माणूस उष्माघाताने कोसळेल.

यात एक गोष्ट ध्यानात घ्यावी. घाम वाळला तरच गारवा मिळतो. नुसता टपटप गळून गेला तर नाही. म्हणून दमट हवेत, वारा नसलेल्या जागी, घामाच्या धारा लागूनही जीव घाबरा होतो. अशा ठिकाणी वारा खेळता ठेवणे हेच खरे औषध.

मध्य अमेरिकेतील निकाराग्वा व एल साल्वाडोर या देशांत ऊसतोड कामगारांमध्ये तरुण वयातच मूत्रपिंडे निकामी होण्याचा आजार मोठ्या प्रमाणावर आढळला आहे. भर उन्हातले अतिकष्ट आणि शरीरातली पाण्याची तूट हे त्यामागचे एक मोठे कारण मानले जाते. त्यावर तिथे पाणी, सावली आणि विश्रांती यांची व्यवस्था कामाच्या जागीच करण्यात आली. ऊस तिथला असो की आपला, ऊन सारखेच. तेव्हा वासाच्या भीतीने पाणी तोडू नका. काम करताना तहान लागण्याची वाट न पाहता दर पंधरा-वीस मिनिटांनी थोडे थोडे पाणी प्यावे. जोडीला मीठ घातलेले ताक, अंबील किंवा लिंबू-सरबत चांगले. रक्तदाबाच्या, हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या रुग्णांनी मात्र पाणी व मीठ किती घ्यावे हे डॉक्टरांना विचारावे.

मग वास कुठून येतो?

आपल्या कातडीत घामाच्या दोन जातीच्या ग्रंथी असतात. पहिल्या जातीच्या वीस ते चाळीस लाख ग्रंथी सर्वांगावर पसरलेल्या असतात. तळहात, तळपाय व कपाळ येथे त्या दाट असतात. त्यांचा घाम म्हणजे पाणी आणि थोडे मीठ. दुसऱ्या जातीच्या ग्रंथी मुख्यतः काखेत व जांघेत असतात आणि वयात आल्यावर कामाला लागतात. म्हणूनच लहान मुलाच्या घामाला उग्र दर्प नसतो, तो वयात येताना येऊ लागतो. या ग्रंथींच्या घामात प्रथिने व स्निग्ध पदार्थ असतात.

पण बाहेर पडतानाचा घाम, कुठल्याही जातीचा असला तरी, जवळजवळ बिनवासाचाच असतो. वास तयार करतात ते कातडीवर राहणारे सूक्ष्म जंतू. मिल हाऊसमध्ये हेच रोज दिसते. ताजा रस गोड वासाचा. पण तोच रस कोपऱ्यात सांडून साचला की काही तासांत आंबूस वास मारतो. दोष रसाचा नसतो, साचण्याचा असतो. म्हणून आपण मिल वेळच्या वेळी गरम पाण्याने, वाफेने धुऊन काढतो, रस येणे काही थांबवत नाही. अंगाचेही तसेच. घाम थांबवायचा नाही, तो साचू द्यायचा नाही. हे एवढे समजले म्हणजे पुढचे सगळे उपाय आपोआप समजतात.

रोजची व्यवस्था

१. काम संपल्यावर अंघोळ करावी, निदान काखा, जांघा, मान व पाय साबणाने धुवावेत. साबण लावून लगेच पाणी ओतू नये. मिनिटभर चोळून मग धुवावे.

२. धुतल्यावर कोरडे पुसावे. जंतूंना ओल आवडते. अर्धवट ओल्या अंगावर कपडे चढवले तर अंघोळ फुकट जाते.

३. काखेतले केस कात्रीने बारीक ठेवावेत. केसांत घाम अडकतो आणि जंतूंना घर मिळते.

४. तुरटी ही जुनी आणि स्वस्त वस्तू आहे. अंघोळीनंतर ओल्या काखेत खडा हलकेच फिरवावा व सुकू द्यावा. कातडी सोललेली असेल, पुरळ असेल तर लावू नये.

५. कपडे सुती घालावेत. पॉलिस्टर व टेरिकॉटच्या कापडाला वास जास्त धरतो आणि धुतल्यावरही राहतो. सदरा, बनियन, ब्लाऊज उलटे करून काखेचा भाग आधी साबण लावून चोळावा, कपडे कडक उन्हात वाळवावेत. आदल्या दिवशीचा घामट कपडा दुसऱ्या दिवशी घालू नये. पुष्कळदा वास अंगाचा नसतो, बनियनचा असतो!

६. खाण्याचाही थोडा वाटा असतो. लसूण, कच्चा कांदा आणि मेथी यांचा वास घामात उतरतो. रोजचे कालवण सोडायला कुणी सांगत नाही. पण चार लोकांत जायच्या आदल्या दिवशी हात आखडता घ्यावा. तंबाखू व दारूने वासात भरच पडते.

७. वजन फार असेल तर कमी करावे. चरकसंहितेत अतिस्थूल माणसाचे जे आठ दोष सांगितले आहेत, त्यांत अंगाची दुर्गंधी आणि घामाचा त्रास हे दोन्ही आहेत.

पायांचा वास

उसाला पाणी पाजताना तासन् तास ओल्यात उभे राहणारे, गमबूट घालणारे आणि पाळीभर बंद बूट वापरणारे यांना पायांचा त्रास हमखास होतो. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. त्या बुरशीच्या असू शकतात. काहींच्या तळव्याला बारीक बारीक खड्डे पडतात आणि उग्र वास येतो. लोक याला भेगा समजतात, पण हा जंतूंचा एक वेगळाच आजार आहे आणि लावायच्या साध्या औषधाने तो बरा होतो. कामावरून आल्यावर पाय धुऊन बेचके कोरडे करावेत, मोजे रोज बदलावेत, जमल्यास बुटांचे दोन जोड आलटून-पालटून वापरावेत म्हणजे एक जोड उन्हात वाळतो.

हे करू नका

अंगाला निर्जळी डेटॉल, फिनेल असले काही लावू नका; कातडी भाजते. वासावर अत्तर मारले तर दोन वास होतात. आणि सर्वांत महत्त्वाचे: जांघेत खाज सुटली की दुकानातून मिळेल ती मलमाची ट्यूब आणून लावणे थांबवा. त्यांतल्या पुष्कळ मलमांत स्टेरॉईड असते. दोन दिवस बरे वाटते, मग गजकर्ण दुप्पट पसरते आणि औषधाला दाद देत नाही. आज गावोगाव दिसणारे चिवट गजकर्ण वाढण्यात या मलमांचा मोठा हात आहे.

घाम खरोखरच जास्त असेल तर

काही माणसांना काम नाही, ऊन नाही, तरी तळहात, तळपाय, काखा पाण्यासारख्या गळतात. वहीचा कागद भिजतो, हातातून पाना निसटतो. हा त्रास बहुधा लहानपणी किंवा तरुणपणी सुरू होतो, दोन्ही बाजूंना सारखा असतो, झोपेत थांबतो आणि पुष्कळदा घरातल्या आणखी कुणालाही असतो. हा भित्रेपणा नाही आणि कुठले पापही नाही. घामाच्या ग्रंथींना मिळणारा मज्जातंतूंचा हुकूम जास्त जोराचा असतो, इतकेच. याला औषध आहे.

पहिला उपाय अल्युमिनियम क्लोराईडचा. हे रात्री झोपताना अगदी कोरड्या कातडीवर लावून सकाळी धुतात. आग झाली तर एक दिवसाआड लावावे. साधे डिओडरंट फक्त वास झाकते किंवा जंतू कमी करते. अल्युमिनियमचे औषध घामच कमी करते, हा फरक विकत घेताना पाहावा. एवढ्याने भागले नाही तर त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे. हात-पाय पाण्यात ठेवून अगदी सौम्य वीजप्रवाह देण्याचे यंत्र असते. ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच वापरायचे; घरच्या विजेवर प्रयोग करणे म्हणजे मरणाला बोलावणे! काखेसाठी बोटुलिनमचे इंजेक्शन असते. त्याचा गुण साधारण सहा महिने राहतो, पण ते महाग आहे. घाम कमी करणाऱ्या गोळ्याही आहेत. मात्र उन्हात किंवा भट्टीजवळ काम करणाऱ्याने आपले काम काय आहे ते डॉक्टरांना आधी सांगावे, कारण घाम थांबला तर उष्माघाताचा धोका वाढतो. शस्त्रक्रिया हा शेवटचा उपाय. तिच्यानंतर हाताचा घाम थांबतो, पण पाठीला व पोटाला जास्त घाम सुटल्याची तक्रार पुष्कळांची असते.

घाम जेव्हा धोक्याची सूचना असतो

* फवारणी करताना किंवा नंतर दरदरून घाम, तोंडाला लाळ, डोळ्यांतून पाणी, मळमळ, पोटात मुरडा, डोळ्यांची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होणे: ही विषबाधा आहे. कपडे काढून अंग साबण-पाण्याने धुवावे आणि औषधाचा डबा सोबत घेऊन तडक दवाखाना गाठावा. धुणाऱ्याने उघड्या हाताने विषाला शिवू नये. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले, हे विसरू नये.
* छातीत दाब किंवा कळ आणि थंड घाम: हृदयविकाराचा झटका समजून १०८ ला फोन करावा.
* मधुमेहाच्या रुग्णाला एकाएकी घाम, थरथर, भोवळ: साखर उतरली आहे. शुद्धीवर असेल तर तीन-चार चमचे साखर लगेच द्यावी. बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नये, दवाखान्यात न्यावे.
* रात्री अंथरूण भिजेल इतका घाम, बारीक ताप, खोकला, वजन घटणे: क्षयाची तपासणी करावी. सरकारी दवाखान्यात तपासणी व औषध मोफत आहे.
* घामाबरोबर हात कापणे, धडधड, खाऊनही वजन उतरणे: थायरॉईडची तपासणी करावी.
* उन्हात काम करणारा असंबद्ध बोलू लागला, अंग तापले, मग घाम असो वा नसो: उष्माघात समजावा. सावलीत नेऊन अंगावर पाणी ओतावे, वारा घालावा, १०८ ला फोन करावा.

शेवटी एक विनंती

आपल्या शेतात तोडीला येणारी टोळी घरदार सोडून कोपीत राहते. त्यांतल्या बायामाणसांना अंघोळीला आडोसा नसतो, कधी कधी पाणीही नसते. त्यांच्या अंगाच्या वासाला नाक मुरडण्याआधी आपल्या बांधावर पिण्याच्या पाण्याचा पिंप आणि विहिरीजवळ चार पत्र्यांचा आडोसा आहे का, हे प्रत्येक सभासदाने पाहावे. खर्च थोडा आहे, पुण्य मोठे आहे.

आणि घरातल्या किंवा कामावरच्या कुणाला हा त्रास असेल तर त्याला चारचौघांत टोमणा मारू नका. एकट्याला बाजूला घेऊन, खांद्यावर हात ठेवून सांगा. घामाची लाज वाटायचे कारण नाही. आपल्या पोत्यापोत्यात तोच तर उतरलेला असतो.