पुसलेल्या काचेवरची रेघ

प्रश्न : आमच्या दुकानात ३६ इंची स्कॅनर आहे. जुने गावनकाशे, इमारतींचे आराखडे स्कॅन करून देतो. मध्यंतरी प्रत्येक स्कॅनवर एक काळी उभी रेघ येऊ लागली. कॅलिब्रेशन केलं, रेघ गेली. दुसऱ्या दिवशी काच पुसली, तर त्याच जागी पांढरट रेघ! कागदावर काहीच नाही. सेन्सर गेला का?
— झेरॉक्सवाले वाचक, सातारा

उत्तर : सेन्सर शाबूत असावा. तुमच्या कामांचा क्रम तेवढा उलटा झाला.

टेबलावरच्या छोट्या स्कॅनरमध्ये कागद स्थिर असतो नि सेन्सर सरकतो. तुमच्या यंत्रात सेन्सर जागेवर असतो आणि रोलर कागद पुढे ढकलतात. यंत्राला एका वेळी केसाएवढी बारीक आडवी पट्टीच दिसते; अशा हजारो पट्ट्या जोडून नकाशा तयार होतो. काचेवरचा कण प्रत्येक पट्टीत त्याच जागी उमटतो, म्हणून कणाची रेघ होते. ६०० डीपीआयला एक पिक्सेल जेमतेम ०.०४ मिलिमीटरचा, त्यामुळे हा कण नुसत्या डोळ्यांना दिसेलच असं नाही. जुन्या नकाशांना लावलेल्या सेलोटेपचा चिकटा हा नेहमीचा संशयित.

कॅलिब्रेशनमध्ये यंत्राला पांढरा कागद दाखवून ‘याला पांढरं म्हणायचं’ असं सांगितलं जातं. त्या वेळी कण काचेवरच होता. तिथे उजेड कमी मिळतोय हे पाहून यंत्राने त्या जागेचं माप वाढवून धरलं, आणि काळी रेघ झाकली गेली. पुढे तुम्ही कण पुसलात, पण वाढीव माप तसंच राहिलं. पिवळट कागदावर ही पांढरट रेघ जास्तच उठून दिसेल.

आता आधी काच आणि तिच्यासमोरची पांढरी पट्टी पुसा. द्राव कापडावर घ्या; काचेवर फवारलात तर कडेने आत जातो. यंत्र नीट तापू द्या आणि मगच, डाग नसलेल्या शीटवर, कॅलिब्रेशन करा.

रेघ निदान दिसते तरी. गावनकाशात मला जास्त धास्ती वाटते ती न दिसणाऱ्या दोषाची. रोलरवर धूळ बसली की कागद किंचित घसरतो आणि स्कॅनची लांबी बदलते. चित्र मात्र स्वच्छ दिसतं. तपासायचं तर ड्राफ्टिंग फिल्मवर बरोबर १००० मिलिमीटर अंतरावर दोन खुणा करा. (साधा कागद नको, तो दमट हवेत फुगतो. स्टीलची पट्टी तर मुळीच नको, काचेवर ओरखडे उठतील.) ४०० डीपीआयला दोन खुणांमध्ये १५,७४८ पिक्सेल यायला हवेत. समजा १५,६०० आले, तर मीटरमागे सुमारे साडेनऊ मिलिमीटर गेले. १:४००० प्रमाणाच्या नकाशावर ते जमिनीवरचे सदतीस मीटरहून अधिक होतात. आणि गुंठ्याची बाजू तर ३३ फुटांची, म्हणजे दहाच मीटर! बांधावरून भांडणाऱ्या दोन भावांच्या हाती असा स्कॅन पडू नये.

फरक निघाला तर रोलर पुसून पुन्हा मोजा, तरीही राहिला तर सॉफ्टवेअरमध्ये लांबीची दुरुस्ती करता येते. आडव्या रेषा ठरावीक जागी तुटून वर-खाली दिसत असतील, तर शेजारशेजारच्या सेन्सरांची जुळणी बिघडली आहे. ती कंपनीच्या माणसाकडून करून घ्या. घडीपाशी अक्षरं पुसट येत असतील तर कागद काचेवरून उचलला जातोय. घडी मोडून नकाशा पारदर्शक पाकिटात घालून पाहा.

आधी दिलेल्या कामांपैकी पांढरट रेघेचे आराखडे चालून जातील. गावनकाशे मात्र लांबी तपासल्यावर, फरक निघाल्यास, पुन्हा स्कॅन करून द्या.